करीच्या दिवशी मोडलेले कोपर: नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी एक प्रकरण अभ्यास

बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या सत्रात कोपराची शरीररचना पाठ होते आणि परीक्षा संपली की बहुतेकांच्या डोक्यातून जाते. वॉर्डात पहिल्यांदा मोडलेल्या कोपराचे मूल हाती येते तेव्हा सगळ्यांची नजर सुजलेल्या कोपरावर खिळते. नर्सला त्या रात्री खरे काम असते ते पंज्याशी. कोपरासमोरून काय काय खाली उतरते आणि कुठल्या क्रमाने, हे पक्के असेल तरच निरीक्षण तक्त्यातल्या रकान्यांना अर्थ येतो. ते नसेल तर रात्रभर ‘पल्स लागते’ असे नीटनेटके लिहूनही हात जाऊ शकतो.

पुढचे प्रकरण शिकवण्यासाठी रचलेले आहे. कुणा एका रुग्णाचे नाही. वेळा, वजन आणि मोजमापे मात्र अशा रुग्णांत जशी असतात तशीच ठेवली आहेत.

घटना

मुलगी ७ वर्षांची, वजन २० किलो, येवल्याची. येवल्यात भोगी, संक्रांत आणि कर असे तिन्ही दिवस पतंग चालतात. करीच्या सकाळी ११ च्या सुमारास भावाची आसारी, म्हणजे मांज्याची फिरकी, धरून ती धाब्याच्या कठड्यावर उभी होती. तोल गेला आणि ती शेजारच्या, साधारण ५ फूट खालच्या धाब्यावर पडली. पडताना डावा पंजा आधी टेकला, कोपर ताठ होते.

घरच्यांनी तिला तासाभरात गावातल्या एका हाडवैद्याकडे नेले. हळद-तेल चोळून बांबूच्या कामट्या लावल्या गेल्या, वरून कापडी पट्टी ताणून गुंडाळली आणि कोपर पूर्ण दुमडून हात गळ्यात अडकवला. दुपारी दोनला तिने चहा-बिस्किटे खाल्ली. तोवर बोटे सुजली होती आणि रडणे थांबत नव्हते. विंचूर, निफाड ओलांडून सुमारे ८० किलोमीटरवरच्या नाशिकला कॅज्युअल्टीत पोचायला ४:३० झाले.

वेळा लक्षात ठेवा. दुखापत ११ वाजता, शेवटचे खाणे २ वाजता, आगमन ४:३० ला. कॅज्युअल्टीच्या कागदावर बहुधा तिसरीच वेळ लिहिलेली असते. स्नायूंना रक्त किती तास कमी पडले याचा हिशोब पहिल्या वेळेवरून होतो आणि भूलतज्ज्ञाचा निर्णय दुसरीवरून. नातेवाइकांना दोन्ही वेळा विचारून घेणे हे नर्सचे काम आहे, आणि ते पहिल्या पाच मिनिटांतच करावे. नंतर माणसे पांगतात.

पहिली पंधरा मिनिटे

एक्स-रेचा फॉर्म भरण्याआधी पट्टी कापली गेली. बोथट टोकाची कात्री घेऊन, हाताच्या बाहेरच्या बाजूने, पट्टी आणि आतला कापूस दोन्ही, थेट कातडी दिसेपर्यंत. नुसते वरचे वेटोळे सैल करून भागत नाही, कारण तेलात आणि घामात भिजलेला कापूस आतून तसाच आवळलेला राहतो. मनगटावर दोन काचेच्या बांगड्या, एक धातूचे कडे आणि काळा दोरा होता. कडे साबणाच्या पाण्याने निघाले, दोरा कापला. सूज तासाभराने वाढली असती तर कडे कापण्यासाठी रिंग कटर शोधत फिरावे लागले असते.

त्यानंतर डॉक्टर शेजारी असताना दुमडलेले कोपर सावकाश सैल करत साधारण ३० अंश वाकलेल्या स्थितीत आणले आणि मागून गादीदार स्प्लिंट दिला. पूर्ण सरळ केले नाही, जोर तर अजिबात लावला नाही. दोनेक मिनिटांत फिकट पंजा गुलाबी झाला.

कोपर सैल केल्यावर पंज्याचा रंग का परतला, याचे उत्तर कोपराच्या पुढच्या खळगीत, म्हणजे क्युबिटल फॉसात आहे. ही त्रिकोणी जागा आहे. वरची बाजू म्हणजे दंडाच्या हाडाच्या, ह्यूमरसच्या, दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांना जोडणारी काल्पनिक रेषा. आतल्या बाजूची, करंगळीकडची, कड प्रोनेटर टेरेस स्नायूची; बाहेरची, अंगठ्याकडची, ब्रेकिओरेडियालिसची. तळाशी ब्रेकियालिस आणि सुपिनेटर. या त्रिकोणातून आतून बाहेर या क्रमाने मीडियन नर्व्ह, ब्रेकियल आर्टरी आणि बायसेप्सचा टेंडन उतरतो. रेडियल नर्व्ह आणखी बाहेर, ब्रेकिओरेडियालिसच्या आड असते. ब्रेकियल आर्टरी रेडियसच्या, म्हणजे कोपराखालच्या अंगठ्याकडच्या हाडाच्या, मानेच्या पातळीला फुटून रेडियल आणि अल्नर होते. छतावर कातडी, वरच्या शिरा आणि खोल फॅशिया, म्हणजे स्नायूंवरचे चिवट आवरण, आणि त्या फॅशियाला बळकटी देणारा बायसेप्सचा चपटा पट्टा, बायसिपिटल ॲपोन्युरोसिस. म्हणजे ही खळगी वरून झाकलेली आणि बाजूंनी बांधलेली जागा आहे. आत रक्त साचले आणि वर कोपर १२० अंशांपलीकडे दुमडले की आर्टरीला चेपण्यावाचून गत्यंतर नसते. कामट्यांपेक्षा ते पूर्ण दुमडणेच या मुलीला जास्त घातक ठरले, असे आमचे मत आहे.

याच पट्ट्याशी नर्सची गाठ एरवीही रोज पडते. रक्त घेताना आपण ज्या मीडियन क्युबिटल व्हेनमध्ये सुई घालतो ती या ॲपोन्युरोसिसच्या वर असते, आणि आर्टरी व मीडियन नर्व्ह खाली. सुई १५ ते ३० अंशांत ठेवली तर शीर मिळते. उभी आणि खोल घातली तर पट्टा भेदून आर्टरी किंवा नर्व्ह लागते. खळगीच्या आतल्या बाजूला बॅसिलिक व्हेनच्या मागे लागू नये तेही यासाठीच. काहींच्यात आर्टरीची फांदी वरच्या थरातून जाते, म्हणून टूर्निके बांधण्यापूर्वी बोटाने ठोका चाचपावा. सुई लागताक्षणी बोटांत वीज गेल्यासारखे झाले असे रुग्ण म्हणाला की सुई लगेच बाहेर. ‘थोडं थांबा, झालंच’ हे वाक्य तिथे चालत नाही.

पंजा गुलाबी, पण पल्स नाही

४:४५ ची नोंद अशी होती. डावी रेडियल पल्स लागत नाही. कॅपिलरी रिफिल, म्हणजे नख दाबून सोडल्यावर रंग परतायला लागणारा वेळ, डाव्या पंज्यात ३ सेकंद, उजव्यात २. बोटे गुलाबी. दोन्ही पंजे गार.

शेवटचे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. जानेवारीत निफाड पट्ट्यातली थंडी राज्यात गाजलेली असते आणि उघड्या खिडकीच्या गाडीतून आलेल्या मुलाचे दोन्ही हात गारच असतात. ‘डावा पंजा गार’ एवढेच लिहिले तर वाचणारा घाबरेल किंवा थंडीवर ढकलून मोकळा होईल. दुसऱ्या हाताशी तुलना केल्याशिवाय तापमान आणि रिफिलच्या नोंदीला किंमत नाही.

पल्स नसताना पंजा गुलाबी कसा? कोपराभोवती आर्टरींचे जाळे असते. वरून प्रोफंडा ब्रेकाय आणि दोन अल्नर कोलॅटरल येतात, खालून रेडियल, अल्नर आणि इंटरऑसियस आर्टरींच्या परत फिरणाऱ्या फांद्या त्यांना मिळतात. मुख्य आर्टरी चेपली, वाकली किंवा आखडली तरी या आडवाटांनी पंज्याला जगण्यापुरते रक्त मिळते. कोपर ते मनगट, म्हणजे अग्रबाहूच्या, खोल स्नायूंना ते पुरेलच असे नाही. कातडी गुलाबी आणि आत स्नायू उपाशी, असे होऊ शकते. पल्स ऑक्सिमीटरचा प्रोब डाव्या तर्जनीला लावला तेव्हा आकडा ९७ टक्के आला, लहर मात्र बुटकी होती. तो आकडा रक्तातल्या ऑक्सिजनचा आहे, स्नायूंना मिळणाऱ्या रक्ताचा नाही. आवाजावरून रक्ताचा प्रवाह टिपणारा पोर्टेबल डॉपलर असेल तर मनगटावर लावून पाहावा.

खळगीच्या वरच्या भागात निळसर डाग होता आणि एका ठिकाणी कातडी आत ओढल्यासारखी सुरकुतली होती. ही खूण दिसली की सर्जनला मुद्दाम सांगायची. हाडाचे टोक ब्रेकियालिस स्नायू फाडून कातडीखाली अडकल्याची ती निशाणी आहे.

नर्व्ह तपासणे, तेही रडणाऱ्या मुलाचे

सात वर्षांच्या मुलीला ‘अंगठ्याचे टोक वाकव’ म्हटले तर ती आईकडे बघते. दगड-कागद-कात्री मात्र तिला येते. उजव्या हाताने आधी खेळून दाखवायचे, मग डाव्याने करायला सांगायचे. मूठ म्हणजे मीडियन नर्व्ह. पंजा उघडून बोटे आणि मनगट मागे ताणणे म्हणजे रेडियल. कात्री, म्हणजे बोटे फाकवणे, ही अल्नर नर्व्हची. आणि चौथी खूण नर्सने स्वतः जोडायची: अंगठा आणि तर्जनीची टोके जुळवून गोल.

“बाळा, असा गोल चष्मा कर बरं,” असे सिस्टरने म्हटल्यावर मुलीने प्रयत्न केला, पण गोल झाला नाही. अंगठा आणि तर्जनीची शेवटची पेरे सरळच राहिली आणि बोटांच्या पोटांनी चिमट पकडावी तशी ती चिकटली. बाकी तिन्ही खुणा जमल्या. मूठ वळताना तर्जनी तेवढी मागे राहत होती. अनामिका आणि करंगळी मात्र टोकापर्यंत नीट वळत होत्या, आणि ही गोष्ट नोंदीत वेगळी लिहिली गेली. स्पर्श तिन्ही ठिकाणी ठीक होता: तर्जनीच्या पोटावर (मीडियन), करंगळीच्या टोकावर (अल्नर), अंगठा-तर्जनीमधल्या पडद्याच्या मागच्या बाजूला (रेडियल).

ही अँटीरियर इंटरऑसियस नर्व्हची दुखापत. मीडियनची ही फांदी कोपराच्या किंचित खाली फुटते आणि अंगठ्याचे टोक वाकवणाऱ्या स्नायूला, तर्जनी व मधल्या बोटाच्या खोल फ्लेक्सरला (बोट वाकवणाऱ्या स्नायूला) आणि मनगटाजवळच्या प्रोनेटर क्वाड्रेटसला चालवते. कातडीला ती एकही धागा देत नाही. त्यामुळे कापसाचा बोळा फिरवून ‘संवेदना नॉर्मल’ लिहिणाऱ्याच्या हातून ती सुटते. मुलांच्या अशा फ्रॅक्चरमध्ये सर्वांत जास्त दुखावणारी नर्व्ह हीच आहे, आणि सर्वांत जास्त वेळा न तपासली जाणारीही हीच.

ऑपरेशनआधीची ही नोंद का सोन्याची, ते रात्री साडेबाराला कळेल.

हाड तिथेच का मोडते

एक्स-रेत दंडाचे हाड खालच्या टोकाच्या किंचित वर आडवे तुटलेले होते. खालचा तुकडा मागे आणि बाहेर सरकलेला, दोन्ही तुकड्यांचा संपर्क पूर्ण सुटलेला. सुप्राकॉन्डायलर फ्रॅक्चर, गार्टलंडच्या १९५९ सालच्या वर्गीकरणात तिसरा प्रकार. पहिल्या प्रकारात हाड जागेवर असते, दुसऱ्यात मागची कड शाबूत राहून तुकडा झुकतो.

ह्यूमरसचे खालचे टोक समोरून पाहा. आत ट्रॉक्लिया, विहिरीवरच्या कप्पीसारखी खाच असलेली, जिच्यावर अल्ना, म्हणजे करंगळीकडचे हाड, फिरते. बाहेर कॅपिट्युलम, गोल, जिच्यासमोर रेडियसचे डोके. रेडियस आणि अल्ना यांचा वरचा सांधाही त्याच कॅप्सूलमध्ये, म्हणून कोपर एकाच पिशवीतले तीन सांधे आहे. या टोकाच्या जरा वर पुढे एक खड्डा आणि मागे एक खड्डा. हात दुमडला की अल्नाचा कोरोनॉइड पुढच्या खड्ड्यात बसतो, ताठ केला की ओलेक्रेनॉन मागच्या. दोन्ही खड्ड्यांमधले हाड इतके पातळ असते की सुक्या हाडातून उजेड दिसतो. काहींच्यात तिथे चक्क भोक असते.

पाच ते सात वर्षांच्या मुलांत हा भाग विशेष कच्चा असतो आणि लिगामेंट सैल असल्याने कोपर सरळ रेषेच्याही पलीकडे जाते. ताठ हातावर पडले की ओलेक्रेनॉन मागच्या खड्ड्यात रुतून तरफ बनतो आणि पातळ जागी हाड पुढून उघडते. वरच्या तुकड्याचे धारदार टोक पुढे, ब्रेकियालिसमध्ये घुसते. खालचा तुकडा मागे-बाहेर गेला तर ते टोक आतल्या बाजूला, मीडियन नर्व्ह आणि ब्रेकियल आर्टरीकडे रोखले जाते. मागे-आत गेला तर रेडियल नर्व्हकडे. एक्स-रेत तुकडा कुठे सरकलाय ते पाहिले की पंज्यात काय आधी तपासायचे ते ठरते. अल्नर नर्व्ह आतल्या उंचवट्याच्या मागून जाते, म्हणून ती पडताना सहसा वाचते आणि आतल्या बाजूने वायर घातली तर मात्र धोक्यात येते.

सांधा निखळला आहे की हाड मोडले आहे, हे ओळखण्याची जुनी तीन बिंदूंची रीत आहे. दोन उंचवटे आणि ओलेक्रेनॉनचे टोक, कोपर काटकोनात असताना त्रिकोण करतात, ताठ असताना एका रेषेत येतात. सुप्राकॉन्डायलरमध्ये हे नाते टिकते, निखळण्यात बिघडते. पुस्तकात छान. पण एवढे दाखवण्यासाठी सुजलेले कोपर हलवायचे नाही.

संध्याकाळ

सलाइन उजव्या हाताच्या पाठीवर लावली. दुखावलेल्या हातावर ना सुई, ना बीपीचा कफ. सलाइनचा वेग २० किलोला दिवसाला १,५०० मिली या हिशोबाने तासाला साधारण ६० मिली. पॅरासिटामॉल १५ मिलिग्रॅम प्रति किलो, म्हणजे ३०० मिलिग्रॅम.

घन पदार्थांनंतर ६ तास उपाशी हा नियम धरला तर रात्री ८ पर्यंत थांबावे लागले असते. पल्स नसलेला हात तेवढा थांबवण्यात अर्थ नव्हता. शिवाय दुखापतीनंतर पोट उशिराच रिकामे होते, म्हणून ८ वाजताही ते रिकामे असेलच असे धरता आले नसते. भूलतज्ज्ञांनी भरलेले पोट समजूनच भूल दिली. हात बधिर करणारा ब्लॉक दिला नाही, आणि तो मुद्दाम टाळला: बधिर हातात रात्रीचे दुखणे कळत नाही.

६:३० ला ऑपरेशन थिएटर. हाड न उघडता बसवले, बाहेरच्या बाजूने दोन के-वायर, म्हणजे तुकडे धरून ठेवणाऱ्या बारीक तारा, एकमेकींपासून फाकवून घातल्या, ७:०५ ला रेडियल पल्स परत आली, नाजूक पण स्पष्ट. कोपर ६० अंशांत ठेवून मागून प्लास्टरचा स्लॅब. काटकोनापेक्षा जास्त दुमडले नाही. ८ वाजता वॉर्ड.

इथे सगळ्यांना हायसे वाटते, आणि धोक्याची घडी इथेच सुरू होते. जवळपास आठ तास अर्धपोटी राहिलेल्या स्नायूंत आता रक्त जोरात शिरते. रक्तवाहिन्यांच्या भिंती गळक्या झालेल्या असतात, द्रव बाहेर झिरपतो, स्नायू फुगतो. अग्रबाहूत स्नायू फॅशियाच्या न ताणणाऱ्या कप्प्यांत असतात: पुढचा वरचा, पुढचा खोल, मागचा आणि अंगठ्याकडचा. खोल कप्पा थेट हाडांवर आणि त्यांच्यामधल्या इंटरऑसियस पडद्यावर टेकलेला, त्यामुळे फुगायला जागा सर्वांत कमी. त्यातच बोटांचा खोल फ्लेक्सर आणि अंगठ्याचा लांब फ्लेक्सर. पहिला बळी तेच.

रात्र

तक्ता पहिले चार तास दर अर्ध्या तासाने, मग दर तासाला. रकाने: दुखणे, बोटे ताणल्यावर दुखणे, हालचाल (चार खुणा), स्पर्श, रंग, रिफिल, पल्स. हा क्रम आम्ही मुद्दाम असा लावतो. बहुतेक छापील तक्त्यांत पल्स सर्वांत वर असते आणि घाईत तेवढीच भरली जाते.

१०:३० पर्यंत ठीक. ११ ला मुलगी जागी होऊन रडू लागली. आयबुप्रोफेन १० मिलिग्रॅम प्रति किलो, म्हणजे २०० मिलिग्रॅम दिले, अर्ध्या तासाने उतार नाही. १२ ला पुन्हा रड, पाणी नको, आई नको, पांघरूण भिरकावले. विद्यार्थिनीने लिहिले: ‘पल्स चांगली, बोटे गुलाबी, मूल चिडचिडे.’

तिघांतले एकही विधान खोटे नाही. निष्कर्ष मात्र चुकीच्या दिशेला नेतो. कप्प्यातला दाब स्नायूच्या बारीक केशवाहिन्या बंद करायला पुरतो तेव्हाही तो आर्टरीतल्या दाबापेक्षा कितीतरी कमी असतो, म्हणून मनगटावर पल्स शेवटपर्यंत लागू शकते. ती गेल्यावर कॉल करणारा काही तास उशीर करून बसलेला असतो. मोठ्यांसाठी पाठ केलेली इंग्रजी ‘पी’ची लक्षणयादी (पेन, पॅलर, पल्सलेसनेस वगैरे) मुलांत कामाची नाही, मुलांत पाहायचे ते घाबरेपणा, अस्वस्थता आणि वाढत जाणारी वेदनाशामकाची गरज. ‘चिडचिडे’ हा शब्द स्वभावाचा नव्हता, ते लक्षण होते.

१२:३० ला ड्युटीवरच्या सिस्टरने पाहिले तेव्हा बोटे आत वळलेली होती. आई म्हणाली, “सिस्टर, बोटाला हातच लावू देईना.” मधले बोट हलक्या हाताने अर्धा इंच सरळ करताच मुलगी किंचाळली. मग मूठ वळायला सांगितली. आता तर्जनीच नव्हे, अनामिका आणि करंगळीही टोकापर्यंत वळेनात.

संध्याकाळच्या नोंदीचा उपयोग इथे झाला. अनामिका आणि करंगळीच्या खोल फ्लेक्सरला अल्नर नर्व्ह चालवते, अँटीरियर इंटरऑसियस नाही. ४:४५ ला ही बोटे वळत होती, ऑपरेशननंतर ९ ला वळत होती, कात्री आताही जमत होती. म्हणजे दोन्ही नर्व्हचा समान धागा उरला तो एकच: स्नायू स्वतः. ‘नर्व्ह आधीच दुखावलेली आहे, बोटे हलणार नाहीतच’ हे स्पष्टीकरण अशा वेळी फार सोयीचे वाटते, आणि त्यावर समाधान मानले की सकाळ होते. उलटाही धोका आहे. मीडियन नर्व्ह पूर्ण दुखावून स्पर्शच गेला असेल तर ताणल्यावरचे दुखणेही दबते आणि कप्पा मुकाट्याने मरतो. तिथे शंका आणखी लवकर घ्यावी लागते.

१२:४० ला रेसिडेंट डॉक्टरला फोन. काय बोलायचे तेही शिकण्यासारखे आहे: “बेड नंबर अमुक, सुप्राकॉन्डायलर, ऑपरेशनला साडेपाच तास, औषधानंतरही दुखणे वाढतंय, बोटं ताणल्यावर किंचाळते, अनामिका-करंगळी नव्याने वळत नाहीत, पल्स आहे. कप्प्याचा दाब वाटतोय, आत्ता या.” ‘पेशंट रडतोय, बघून जाल का’ असे सांगितले तर रेसिडेंट आणखी एक वेदनाशामक फोनवरच सांगतो.

तो येईपर्यंत स्लॅबवरची पट्टी आणि आतला कापूस बगलेपासून बोटांपर्यंत कापला. कापसाचा एक पदर रक्ताने भिजून वाळला होता आणि पुठ्ठ्याइतका कडक झाला होता. स्लॅब खाली आधाराला तसाच ठेवला, कोपराचे वाकणे थोडे कमी केले. हात उशांच्या चळतीवरून उतरवून हृदयाच्या पातळीला आणला. एरवी सूज कमी व्हावी म्हणून हात उंच ठेवतात, पण इथे उंचीने आर्टरीचा दाब घटतो आणि उरलेले रक्तही कमी पडते. बर्फ लावला नाही. तोंडाने काही दिले नाही. बीपी उजव्या हाताला घेतले: १००/६०.

अर्ध्या तासात फरक पडला नाही. १:४५ ला पुन्हा थिएटर. भूल दिल्यावर खोल कप्प्यातला दाब मोजला, ३८ मिमी पारा. डायस्टोलिकमधून, म्हणजे बीपीच्या खालच्या आकड्यातून, तो वजा करतात आणि उत्तर ३० च्या खाली आले तर कप्पा उघडतात. भुलीत डायस्टोलिक घसरते, म्हणून वॉर्डातला ६० चा आकडा धरायचा: ६० वजा ३८ म्हणजे २२. तो आकडा वॉर्डात घेतलेलाच नसता तर? लहान मुलांत डायस्टोलिक मुळातच कमी असल्याने नुसत्या वजाबाकीवर सर्जन विसंबत नाहीत. इथे निर्णय बोटांनी आधीच दिला होता.

छेद कोपराच्या वर आतल्या बाजूला सुरू होऊन घडी तिरपी ओलांडत, अग्रबाहूवरून वळणे घेत तळहाताच्या कार्पल टनेलपर्यंत गेला. घडी सरळ कापली तर व्रण आखडून कोपर वाकडे राहते. खळगीत सर्वांत आधी कापला गेला तो बायसिपिटल ॲपोन्युरोसिस. वरचे स्नायू बरे होते. खालचे, खोल कप्प्यातले, काळपट दिसत होते आणि कप्पा मोकळा झाल्यावर वीसेक मिनिटांत त्यांचा रंग परतला, चिमट्याला ते आखडू लागले. कातडी उघडीच ठेवून सैल, ओलसर ड्रेसिंग केले.

पुढच्या २४ तासांत नर्सकडे आलेले नवे काम म्हणजे लघवी. मेलेल्या स्नायूतून सुटणारे मायोग्लोबिन हे प्रथिन किडनीत अडकते. २० किलोला तासाला किमान २० मिली लघवी हवी, आणि चहासारखी गडद दिसली तर लगेच कळवायचे. सोबत पोटॅशियमची तपासणी. या मुलीत लघवी स्वच्छ राहिली. तिसऱ्या दिवशी जखम शिवली.

पुढे

हे वेळेत झाले नसते तर काय, ते रिचर्ड फॉन फोल्कमान यांनी १८८१ साली लिहून ठेवले आहे. मेलेल्या फ्लेक्सर स्नायूंच्या जागी तंतू येतात, आखडतात आणि मनगट वाकडे, बोटे आत वळलेली असा हात कायमचा होतो. स्नायू साधारण ४ ते ६ तास रक्ताविना तग धरतो, ८ नंतर नुकसान परत फिरत नाही. या मुलीत आडवाटांचे रक्त होते म्हणून हिशोब लांबला.

चौथ्या आठवड्यात के-वायर काढल्या. अंगठ्याचे टोक आठव्या आठवड्यात हलू लागले आणि बाराव्याला गोल चष्मा पूर्ण जमला. अशा नर्व्ह बहुतेकदा ताणलेल्या असतात, तुटलेल्या नाहीत, म्हणून घाईने उघडत नाहीत. दोन्ही कोपरे जमतील तितकी ताठ ठेवून दंड आणि अग्रबाहूमधला बाहेरचा कोन मोजला. हाड आत झुकून जुळले असते तर हा कोन उलटून कोपर बंदुकीच्या दस्त्यासारखे दिसले असते. तिचा कोन उजव्याइतकाच होता. ताठ करताना शेवटचे १० अंश अजून कमी पडत होते.

त्या १० अंशांसाठी घरी आजीने तेलाने चोळून हात ओढून सरळ करायचे ठरवले होते. डिस्चार्जच्या वेळी तोंडी सांगितले होते, या भेटीत आजीला समोर बसवून पुन्हा सांगितले: “आजी, तेल कातडीला लावा, व्रणावर हलकं फिरवा, पण कोपर ओढू नका.” जोराने ताणल्याने आतल्या स्नायूत पुन्हा रक्त साचते, कधी तिथे हाडही तयार होते आणि सांधा जास्तच अडकतो. मुलीने स्वतः हालचाल करायची: जेवताना डाव्या हाताने पेला उचलणे, दोन्ही हातांनी दप्तर पाठीवर घेणे, अंघोळीला पाठ चोळणे. वाढत्या वयात उरलेला ताठपणा बहुधा वर्षभरात सुटतो. पुढची भेट सहा आठवड्यांनी, कोन मोजण्याच्या गोनिओमीटरसह, आणि गोल चष्म्याची नोंद त्याच कागदावर.